फतेहगंजच्या छोट्या पडद्यावर कृष्णवर्णीय बायकांचे सिनेमे

बडोद्यातल्या फतेहगंजमध्ये एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पूर्वी कोचिंग क्लास चालायचा. तिथे आता सिनेमे दाखवतात. चाळीसेक खुर्च्या, एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि कोपऱ्यात चहाचा थर्मास. चालवणारी जोडी इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेली. जागा लहान आहे, एकदम गर्दी आली तर झेपणार नाही, म्हणून नाव कुठे लिहू नका असं त्यांनीच सांगितलंय. तेव्हा नाव लिहीत नाही. फाइन आर्ट्सच्या पोरांना विचारा, जिना दाखवतील.

गेल्या महिन्यात शनिवार-रविवार धरून त्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्री दिग्दर्शकांचे प्रायोगिक चित्रपट लावले होते. शनिवारी लघुपट, रविवारी एक मोठा चित्रपट. सगळं रीतसर परवानगी काढून. मी दोन्ही दिवस गेले. हाच कार्यक्रम पुन्हा लावणार आहेत, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी जावं यासाठी हे लिहितेय.

या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट आधी सांगते. इथे पडद्यावर काळा रंग काळा दिसतो.

रावपुऱ्यात आमचा फोटो स्टुडिओ आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. माझी उभी हयात आधी डार्करूममध्ये, मग मिनीलॅबवर आणि आता कॉम्प्युटरपुढे गेली. चेहऱ्याचा रंग कागदावर कसा उतरतो हे बघणं माझं रोजचं काम. बायोडेटासाठी फोटो काढायला आई मुलीला घेऊन येते आणि मुलगी स्टुलावर बसायच्या आत म्हणते, "ताई, जरा उजळ करून द्या हं." पूर्वी हे काम निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून व्हायचं, आता माउस सरकवला की झालं. मी ते करत नाही. उजेड नीट लावते, चेहरा नीट दिसेल याची जबाबदारी घेते, पण कातडीचा रंग बदलत नाही. काही गिऱ्हाइकं त्यापायी दुसरीकडे जातात, जाऊ देत. आपल्या गावात राजा रविवर्म्याची चित्रं बघत आपण लहानाचे मोठे झालो. त्या चित्रांतल्या बहुतेक नायिकांचा केतकी वर्ण किती घरांत मापदंड होऊन बसलाय हे आमच्या धंद्यातल्या माणसाला रोज दिसतं.

म्हणून शनिवारी मी जरा लवकर गेले, मशीन कसं लावतात ते बघायला. छोट्या हॉलमध्ये उजेड कुठून ना कुठून झिरपतोच आणि मग पडद्यावरचा काळा धुळकट राखाडी होतो. त्या राखाडीत गोरा चेहरा तरून जातो, सावळा अर्धा दिसतो आणि काळा चेहरा बुडतो. नुसते डोळे आणि दात उरतात. इथे खिडक्यांना दुहेरी काळं कापड होतं, कडेने टेप मारलेली. छताला चकाकी नसलेला काळा रंग. शो सुरू व्हायच्या आधी चालवणाऱ्या जोडीतल्या मुलीने पडद्यावर राखाडीच्या पट्ट्या लावल्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत, आणि सगळ्यात गडद दोन पट्ट्या वेगळ्या दिसेपर्यंत ती प्रोजेक्टरशी खटपट करत राहिली. मला म्हणाली, "काकू, तुम्ही तिथून बघा ना, शेवटच्या दोन सुट्या दिसतायत का?" नव्हत्या दिसत. तिने पुन्हा मेनू उघडला, मग दिसल्या. हे काम करायला तिला पंधरा मिनिटं लागली असतील, आणि मी तिथे जे काही पैसे दिले ते या पंधरा मिनिटांतच वसूल झाले. कारण त्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेतच गालाचं हाड असतं, कपाळाची गोलाई असते, ओठाखालची सावली असते.

याला एक इतिहास आहे आणि तो ठाऊक असला की हे सिनेमे दुप्पट कळतात. रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबना कोडॅककडून मशीन जुळवायला एक कार्ड यायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून त्याला नावच पडलं शर्ली कार्ड. त्या बाईचा वर्ण कागदावर बरोबर आला की मशीन बरोबर, मग पुढे येणारा चेहरा कुणाचाही असो. गडद छटा फिल्मवर नीट याव्यात यासाठी कंपनीने मनावर घेतलं तेही चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी तक्रारी केल्यावर, ही हकीकत कोडॅकमध्ये काम केलेल्यांनीच पुढे सांगितली आहे. गोरी, काळी आणि आशियाई अशा तीन बायका एकाच कार्डावर आल्या त्या १९९०च्या दशकात. तोवर जगभरच्या लॅबमध्ये किती चेहरे बिघडून निघाले असतील! मला आमच्याकडचे जुने लग्नाचे अल्बम आठवतात. पांढऱ्या शुभ्र झब्ब्यातला सावळा नवरदेव, झब्ब्याची प्रत्येक चुणी स्पष्ट आणि चेहरा काजळलेला.

तर शनिवारचे लघुपट. त्यातल्या बहुतेक दिग्दर्शिका लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठातून आलेल्या. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची वीसेक वर्षं तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची एक फळीच उभी राहिली. हॉलिवूड आपल्याला नोकराणी, आया नाहीतर गुंड म्हणून दाखवतं, तर आपण आपला सिनेमा आपल्या पद्धतीने करू, म्हणून त्यांनी हातात सोळा मिलिमीटरचा कॅमेरा घेतला. पुढे या फळीला एल. ए. रिबेलियन असं नाव मिळालं.

पहिला होता ज्युली डॅश यांचा 'फोर विमेन', १९७५चा. अमेरिकन गायिका नीना सिमोनचं त्याच नावाचं गाणं आणि त्यावर नाचणारी एकच नर्तिका. गाण्यातल्या चार बाया वेगवेगळ्या वर्णाच्या, वेगवेगळ्या नशिबाच्या. इथे एकच शरीर चारही होतं. सुरुवातीला ती तलम कापडाखाली आहे, नुसती आकृती. कथक किंवा लावणी बघणाऱ्या डोळ्यांना सवय असते चेहऱ्यावरचा भाव आधी शोधायची. इथे खांदा, कंबर आणि हाताचं कोपर बोलतं. सात-आठ मिनिटांचा असेल नसेल, पण तो संपल्यावर हॉलमध्ये कुणी लगेच हललं नाही.

मग बार्बरा मॅककलो यांचा 'वॉटर रिच्युअल नंबर वन', १९७९चा, काळा-पांढरा. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात महामार्गासाठी पाडलेल्या वस्तीच्या मोकळ्या जागेत एक बाई एकटी काहीतरी विधी करते. कसला विधी ते कुणी सांगत नाही. पडक्या भिंती, माती, वस्तू मांडणं, उचलणं, आणि शेवटी ती विवस्त्र होऊन तिथेच लघवी करते. माझ्या पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून बाहेर गेल्या. मला मात्र तो शेवट अश्लील वाटला नाही. घरं पाडून ओसाड केलेली जमीन, आणि त्यावर आपल्या देहाचं पाणी सोडून ती बाई म्हणते की ही जागा अजून माझी आहे. आपल्याकडे घटस्थापनेला माती आणून त्यात धान्य पेरतो, पाणी घालतो, तेव्हा आपणही जमिनीशी असंच काहीतरी बोलत असतो, इतकं मला तिथे बसल्याबसल्या जाणवलं. सहा मिनिटांचाच लघुपट आहे. दुर्दैवाने नेमका तेव्हाच खालून वरघोडा, म्हणजे लग्नाची वरात, गेला, डीजेसकट. काळं कापड उजेड अडवतं, आवाज नाही अडवत. लग्नसराईत या हॉलचा हा मोठा दोष आहे. त्यांनी शो थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावायला हवा होता. नाही लावला.

आयोका चेन्झिरा यांचा 'हेअर पीस' मात्र सगळ्यांना कळला, सगळे हसले. या तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काम करायच्या. १९८४ची दहा मिनिटांची ॲनिमेशन फिल्म. कुरळ्या, घट्ट केसांच्या बायकांनी ते सरळ करण्यासाठी काय काय सोसलं त्याची यादीच म्हणा ना: तापवलेला लोखंडी कंगवा, क्रीम, विग, तेलं. भाजलेल्या कानांचा उल्लेख आला तेव्हा बायकांच्या तोंडून आपोआप "स्स" निघालं. आणि शेवटी केस आहेत तसे मोकळे, डोक्याभोवती फुललेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहाच्या यादीत २०१८मध्ये या छोट्याशा फिल्मचा समावेश झाला, आणि तो मान तिचा आहेच.

त्या संध्याकाळी प्रेक्षकांत इथल्या एका विद्यापीठात शिकणारी आफ्रिकेतली एक मुलगी होती, तिच्या मैत्रिणींबरोबर. चर्चा सुरू झाल्यावर ती उठली आणि आधी स्पष्ट केलं की ती अमेरिकन नाही, तिचा देश वेगळा, इतिहास वेगळा, तेव्हा या सिनेमांबद्दल तिला तज्ज्ञ समजू नये. मग म्हणाली की बडोद्यात तिचे केस हाताळू शकेल असं पार्लर तिला मिळालेलं नाही, म्हणून रविवारी त्या मैत्रिणी एकमेकींच्या वेण्या घालतात, चार-पाच तास बसून, गाणी लावून. बाजारात लोक न विचारता केसांना हात लावतात. आणि फोटो स्टुडिओत पासपोर्ट साइझ काढला तर चेहरा एक तर काळा ठिक्कर येतो, नाहीतर दुकानदार विचारल्याशिवाय पांढरट करून देतो. फोटोतली बाई तिला स्वतःसारखी वाटत नाही.

मी तिथेच तिला म्हटलं, माझ्याकडे ये. आली ती. हे लिहिण्याचं कारण असं की त्यात युक्ती काही फार मोठी नाही आणि धंद्यातल्या लोकांनी ती शिकून घ्यावी. पासपोर्टच्या फोटोला मागे पांढरा पडदा लागतो. कॅमेरा ऑटोवर असला की तो पडद्याचा पांढरा बघून उजेड कमी करतो, आणि चेहरा अंधारात जातो. तेव्हा उजेड पडद्यावर नाही, गालावर मोजायचा. लाइटची छत्री मोठी घ्यायची आणि जवळ आणायची, उजेड परतवायला दोन्ही बाजूंनी थर्माकोल उभे करायचे, म्हणजे गालाच्या उभारावर मऊ चमक येते आणि नाकपुडीपासून जबड्यापर्यंतचा आकार उमटतो. काळ्या त्वचेवर उजेड सांडतो तसा गोऱ्या त्वचेवर सांडत नाही, तिथे निळी झाक येते, तांबूस झाक येते, ती टिपली की फोटो झाला. मॉनिटरवर बघून ती बराच वेळ गप्प होती, मग तिने बारा प्रतींऐवजी चोवीस मागितल्या. तिच्या मैत्रिणीही नंतर आल्या.

शनिवारचे शेवटचे दोन लघुपट सर्वांत आवडले. झैनाबू आयरीन डेव्हिस यांचा 'सायकल्स', १९८९चा. एका बाईची पाळी लांबलीय आणि ती वाट बघतेय. एवढीच गोष्ट. ती घर झाडते, पुसते, चादरी बदलते, आंघोळ करते, आणि मध्येच स्वप्नासारखे नाचाचे, रस्त्यावरच्या मैत्रिणींचे तुकडे येतात. कधी हलतं चित्र, कधी एकामागून एक स्थिर फोटो. आवाज बायकांचे, एकीत दुसरी मिसळणारे. आमच्या लहानपणी कावळा शिवला की चार दिवस बाजूला बसवायचे, वेगळं तांब्या-भांडं, वेगळी चटई. लोणच्याच्या बरणीला हात नाही. इथे ती बाई त्याच दिवसांच्या स्वागतासाठी घर उजळवते. सतरा मिनिटांत कुठेही भाषण नाही, रडारड नाही, नवरा नाही, डॉक्टर नाही. आपल्या शरीराबरोबर निवांत एकटी असलेली बाई मी पडद्यावर क्वचितच पाहिलीय, आणि तीही इतकी आनंदात.

आणि ज्युली डॅश यांचाच 'इल्यूजन्स', १९८२चा. काळ १९४२चा, महायुद्धाचा. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत मिन्यॉन डुप्री नावाची बाई वरच्या हुद्द्यावर आहे. ती कृष्णवर्णीय आहे, पण वर्ण इतका उजळ की सगळे तिला गोरी समजतात आणि ती समजू देते. एका संगीतपटात गोऱ्या नटीच्या गाण्याचा आणि ओठांचा मेळ बिघडलाय, म्हणून एस्टर नावाच्या काळ्या गायिकेला बोलावतात. अंधाऱ्या बूथमध्ये ती उभी, काचेपलीकडे पडद्यावर गोरी नटी ओठ हलवतेय आणि ही तिच्या ओठांत आपला गळा भरतेय. आपल्याला पार्श्वगायन काही नवीन नाही, आपल्याकडे तर गाणाऱ्यांची देवळं झाली. पण या प्रसंगात गायिका जितकी सुरेल तितकी ती पुसली जाते आणि बाहेर उभी राहून मिन्यॉन ते बघते, कारण तीही रोज तेच करतेय, फक्त गळ्याऐवजी चेहरा देऊन. आणखी एक थर आहे: एस्टरचं काम करणारी नटीही तिथे दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवतेय, तो आवाज जॅझ गायिका एला फिट्झगेराल्डचा. हे कळल्यावर मी तो प्रसंग मनात पुन्हा सुरुवातीपासून लावला. सगळ्या कार्यक्रमातला रचनेने सर्वांत चोख सिनेमा हाच.

चर्चेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. बोलावलेले पाहुणे विद्वान होते यात शंका नाही, पण त्यांनी पाऊण तास युरोपातल्या जुन्या प्रायोगिक सिनेमावर भाषण दिलं. हॉलमध्ये अर्ध्याहून जास्त बायका, आणि 'सायकल्स'नंतर त्यांना काय वाटलं हे कुणी विचारलं नाही. खरी चर्चा नंतर चहाच्या थर्मासपाशी झाली. तिथे एक तरुण मुलगा जे बोलला ते व्यासपीठावर व्हायला हवं होतं. तो म्हणाला, बडोद्यात हे सिनेमे परके कसे? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, ते न्यूयॉर्कमध्ये, कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हार्लेमला लागूनच. १९१७मध्ये परत येऊन इथे नोकरीला लागले तर राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतून हाकलले गेले, आणि कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी संकल्प केला. त्याच बाबासाहेबांनी १९४६मध्ये कृष्णवर्णीयांचे पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. मग बायकांच्या बाजूने हेच बघायला आपण इतका उशीर का केला? ती झाडाची जागा, संकल्पभूमी, या हॉलपासून काही फार लांब नाही. मुलाच्या प्रश्नाला मी होकार भरला आणि बाकीच्यांनीही.

आता रविवार. 'डॉटर्स ऑफ द डस्ट', १९९१, दिग्दर्शन पुन्हा ज्युली डॅश. अमेरिकेत सर्वसाधारण चित्रपटगृहांत प्रदर्शित झालेला आफ्रिकन-अमेरिकन स्त्री दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. १९९१! सिनेमा जन्मून जवळपास शंभर वर्षं होत आली होती तेव्हा. चित्रीकरण आर्थर जाफा यांचं, त्यासाठी त्याला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात पुरस्कार मिळाला. २०१६मध्ये तो नव्याने दुरुस्त करून पुन्हा आला, तीच प्रत आम्ही पाहिली.

गोष्ट १९०२ची. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या बेटांवर गुलामांचे वंशज राहतात, गल्ला लोक. मुख्य भूमीपासून तुटलेले असल्यामुळे त्यांची बोली, खाणं, देवधर्म यांत आफ्रिका टिकून राहिली. पीझंट कुटुंब उद्या बेट सोडून उत्तरेला जाणार आहे आणि आज समुद्रकाठी सगळे शेवटचं जेवायला जमलेत. पणजी नाना पीझंट यायला तयार नाही. तिची माणसं इथल्या मातीत आहेत. युला नावाच्या सुनेच्या पोटात मूल आहे आणि ते अजून न जन्मलेलं मूलच आपल्याला गोष्ट सांगतं. कथा सरळ जात नाही, लाटेसारखी येते आणि मागे फिरते. पहिली वीस मिनिटं कोण कुणाची कोण हे कळत नाही, आणि कळण्याची घाई करू नका. आपल्या लग्नघरात नवीन माणूस शिरला की त्याला तरी कुठे लगेच कळतं! संध्याकाळपर्यंत लागतो हिशोब.

उजेडाबद्दल लिहिलं नाही तर माझा जीव शांत होणार नाही. भर उन्हातला समुद्रकिनारा, बायकांच्या अंगात पांढरे झगे, आणि चेहरे काळे. फोटोग्राफीत याहून अवघड परीक्षा नाही. झगा सांभाळायला जावं तर चेहरा जातो, चेहरा सांभाळावा तर झगा नुसता पांढरा डाग होतो. इथे झग्याची लेस दिसते, चुण्या दिसतात, आणि प्रत्येकीचा वर्ण वेगळा दिसतो: एकीचा मधाळ, एकीचा जांभळाच्या बीसारखा, नानाच्या गालावर जुन्या शिसवीची चमक. डॅश यांनी कोडॅकऐवजी अ‍ॅग्फाची फिल्म मुद्दाम निवडली, काळी माणसं तिच्यावर जास्त छान दिसतात म्हणून. मी अ‍ॅग्फाच्या कागदावर वर्षानुवर्षं प्रिंट काढलेत, त्या रंगांचा मऊपणा मी लांबूनही ओळखते. आणि या हॉलमधल्या त्या पंधरा मिनिटांच्या खटपटीचं फळ इथे मिळालं. पानांच्या सावलीत उभ्या असलेल्या युलाचा चेहरा, अर्धा उन्हात अर्धा झाडाखाली, आणि सावलीतल्या अर्ध्या भागातही डोळ्याखालची नाजूक शीर दिसत होती. टीव्हीवर किंवा मोबाइलवर हे दिसणार नाही, सांगून ठेवते.

या कुटुंबाबरोबर एक फोटोग्राफर आलाय, मिस्टर स्नीड. शहरातून, सूट घालून, तिकाटणं घेऊन. कुटुंबातलीच व्हायोला त्याला घेऊन आली आहे, या दिवसाची आठवण राहावी म्हणून. सुरुवातीला तो या लोकांकडे नमुना म्हणून बघतो. किनाऱ्यावर पुरुषांना उभं करतो, काळ्या कापडाखाली डोकं घालतो, आणि त्याला कॅमेऱ्यात त्यांच्यामध्ये एक लहान मुलगी दिसते, केसात निळी फीत. डोकं बाहेर काढून बघतो तर मुलगी नाही. ती अजून जन्मलेलीच नाही. मी आयुष्यभर घराण्यांचे ग्रुप फोटो काढले. मागच्या रांगेत कोण उभा राहणार यावरून भांडणं पाहिली, खुर्चीवर गेलेल्या आजोबांची तसबीर ठेवून काढलेले फोटो पाहिले. पुढे येणाऱ्याची जागा फोटोत आधीच असते, हे असं दाखवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे तोच स्नीड लोकांना प्रश्न विचारायला लागतो, ऐकायला लागतो, आणि त्याचा सूट जणू ढिला पडत जातो.

नानाचे हात निळे आहेत. या बेटांवर गुलामांकडून निळीचं काम करून घेत. प्रत्यक्षात तो रंग हातांवर इतकी वर्षं टिकत नाही, हे डॅश यांना ठाऊक होतं. चाबकाचे वळ दाखवणं सगळ्यांनीच करून झालं होतं, म्हणून त्यांनी गुलामीची खूण म्हणून निळे हात घेतले. पांढऱ्या-तपकिरी चित्रात ते निळे तळवे वर येतात तेव्हा आपोआप आपलेच हात बघावेसे वाटतात. आणि जेवणाची तयारी! भेंडी चिरणं, कोलंबी सोलणं, कणसं, वाळूत मांडलेली पंगत. बायका खातात, हसतात, एकमेकींना टोचून बोलतात. यलो मेरी नावाची, गावाने नाव टाकलेली बाई शहरातून परत येते आणि तिला जवळ घ्यायचं की नाही यावर युला ओरडून जे बोलते, त्यावेळी माझ्या शेजारच्या सत्तरीच्या आजींनी माझा हात धरला. आमची ओळख नव्हती.

उणिवा सांगते. जमीन सपाट आहे, त्यामुळे खालच्या सबटायटलची ओळ पुढच्या डोक्यांमागे जाते. गल्ला बोली इंग्रजी येणाऱ्यांनाही पटकन कळत नाही, तेव्हा सबटायटल गेली की अर्धी गंमत गेली. पडदा फूटभर वर घ्यावा, सोपं काम आहे. माहितीचं पत्रक गुजराती आणि इंग्रजीत होतं, मराठीत नव्हतं. दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून आलेल्या आम्ही मराठी बायका हॉलमध्ये मोजक्या नव्हतो. हे बोलल्यावर चालवणारी मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हीच द्या ना लिहून." दिलंय, पुढच्या वेळी मिळेल. स्पीकर बारीक आहेत, ढोलाचा खर्ज येत नाही. लिफ्ट नाही. बाथरूम एकच, तेही खालच्या मजल्यावर, किल्ली मागून घ्यावी लागते. 'सायकल्स' दाखवणाऱ्या जागेने याची सोय आधी करावी.

तिकीट एका दिवसाचं १५० रुपये, दोन्ही दिवसांचं २५०, विद्यार्थ्यांना निम्मं. चहा त्यातच. पुढे काय लावणार विचारलं तर यादी चालू आहे म्हणाले. मी दोन नावं सुचवून आले. कॅथलीन कॉलिन्स यांचा 'लूझिंग ग्राउंड', १९८२चा, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापिकेची गोष्ट. बाई १९८८मध्ये अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेल्या, आणि त्यांचा सिनेमा अमेरिकेत चित्रपटगृहात लागायला २०१५ उजाडलं. दुसरा शेरिल डन्ये यांचा 'द वॉटरमेलन वुमन', १९९६चा. त्यात एक तरुणी जुन्या सिनेमांतल्या एका काळ्या नटीचा शोध घेते, जिचं नावही श्रेयनामावलीत धड दिलेलं नाही. दोन्ही आपल्या लोकांनी बघायलाच हवेत.

जाणार असाल तर अर्धा तास आधी पोहोचा आणि तिसऱ्या रांगेत डावीकडे बसा. उजवीकडच्या पंख्याचा खडखडाट होतो, तो अजून दुरुस्त केलेला नाही.